ऑपेरा गायिका, शुक्रवार रात्री साडेआठ : पॅट्रिस मन्सेलचा थेट टीव्ही कार्यक्रम

जुनी_तबकडी (धागाकर्ती)

अमेरिकन टीव्हीच्या जुन्या काळावर इथे गप्पा निघाल्या की त्या मिश्र करमणुकीचा सूत्रधार एड सलिव्हन नाहीतर विनोदवीर सिड सीझर यांच्यापाशी जाऊन थांबतात. म्हणून जरा आडवाट धरते. १८ ऑक्टोबर १९५७ च्या शुक्रवारी रात्री साडेआठला एबीसी वाहिनीवर अर्ध्या तासाचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला, 'द पॅट्रिस मन्सेल शो'. गाणी, नाच, पाहुणे, थोडी थट्टामस्करी, आणि सगळं थेट प्रक्षेपित. सूत्रधार होती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची सोप्रानो (सर्वांत वरच्या पट्टीची गायिका) पॅट्रिस मन्सेल. पुढच्या जूनमध्ये कार्यक्रम बंद झाला. एकच मोसम.

बाईंची थोडी ओळख. जन्म १९२५ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा. मेट्रोपॉलिटन ऑपेराची (पुढे नुसतं 'मेट' म्हणते) रेडिओवरून होणारी गायक-निवड स्पर्धा तिने जिंकली आणि डिसेंबर १९४३ मध्ये आंब्रोआझ तोमाच्या 'मिन्यों'मध्ये फिलीनची भूमिका केली, तेव्हा वय होतं अठरा. मेटमध्ये इतक्या लहान वयात मोठ्या भूमिकेत कुणी पदार्पण केलं नव्हतं. फार घाई झाली असा सूर काही समीक्षकांनी लावला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. तिचा खरा सूर सापडला १९५० मध्ये. रुडॉल्फ बिंग नवे व्यवस्थापक म्हणून आले, त्यांनी 'डी फ्लेडरमाउस' हे ऑपेरेटा (हलकंफुलकं, विनोदी ऑपेरा) इंग्रजीतून मंचावर आणलं, आणि त्यातली अडेल ही नखरेल मोलकरीण मन्सेलच्या वाट्याला आली. मग १९५१ मध्ये मोत्सार्टच्या 'कोसी फान तुत्ते'तली डेस्पिना, १९५६ मध्ये ऑफेनबाखची 'ला पेरिकोल'. म्हणजे क्षयाने खंगत मरणाऱ्या नायिका हा तिचा प्रांत नव्हे. खोड्या काढणाऱ्या, मालकाला हातोहात बनवणाऱ्या बायका हा तिचा प्रांत.

अशी बाई टीव्हीवर सूत्रधार झाली यात नवल काही नाही. मला खटकतं ते नंतरचं. कार्यक्रम एका मोसमात आटोपला की लोक लगेच म्हणतात, ऑपेरावाल्यांना टीव्ही झेपत नाही. पण त्याच १८ ऑक्टोबरला, त्याच वाहिनीवर, तिच्या पाठोपाठ नऊ वाजता आणखी एक गाण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता, फ्रँक सिनात्राचा. तोही एकाच मोसमात गुंडाळला गेला. सिनात्राला ऑपेरा येत होता असा आरोप अजून कुणी केलेला नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की दोष आवाजाच्या जातीचा नाही, वाहिनीचा आणि वेळेचा आहे. जाणकारांनी भर घालावी, विरोध असेल तर तोही करावा.

चहाबाज

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

शंकासुर

ताई, लिहिलंय छान, पण मूळ मुद्द्यालाच माझी हरकत आहे. ऑपेरा गायिका छोट्या पडद्यावर पाहिली आहे का नीट? तोंड एवढं उघडतात की पडजीभ दिसते. चार हजार लोकांच्या नाट्यगृहात चालतं ते. दिवाणखान्यात, हातभर अंतरावरून, कुणी आपल्यावर असा आवाज टाकला तर आपण दोन पावलं मागे सरतो. सिनात्रा पडला हा योगायोग असेल. मन्सेल पडणारच होती.

खवचट_आत्या

शंकासुरांनी हजेरी लावली म्हणजे धागा चालणार. चहा ठेवा रे.

गोळाबेरीज

तबकडीताईंच्या बाजूने आकडेमोड, आणि मग थोडी विरोधातही.

शुक्रवारी साडेआठला समोर काय होतं ते बघा. सीबीएसवर 'झेन ग्रे थिएटर', म्हणजे वेस्टर्न कथा. एनबीसीवर 'द लाइफ ऑफ राइली', म्हणजे घरगुती विनोदी मालिका. १९५७ हे वेस्टर्नच्या पुराचं वर्ष आहे. सगळ्या वाहिन्यांवर घोडे आणि पिस्तुलं. खुद्द एबीसीवर मन्सेलच्या आधी आठ वाजता 'जिम बोवी' (सुऱ्यासाठी प्रसिद्ध वीराची मालिका) आणि त्याच्याही आधी 'रिन टिन टिन' (कुत्र्याची मालिका). म्हणजे आधीचा तासभर पोरंटोरं कुत्रा आणि सुरा बघत बसलेली, आणि साडेआठला एकदम झगा घातलेली सोप्रानो! हा प्रेक्षक तिच्यासाठी थांबेल अशी अपेक्षा ज्याने कुणी धरली त्याला नमस्कार.

शिवाय तिन्ही वाहिन्यांत एबीसी सर्वांत अशक्त होती. तिच्याशी जोडलेली स्थानिक केंद्रं कमी होती, त्यामुळे कितीतरी ठिकाणी कार्यक्रम पोचायचाच नाही किंवा भलत्या वेळी पोचायचा.

तिसरी गोष्ट, नॅट किंग कोल. तोही त्याच काळात एनबीसीवर कार्यक्रम करत होता. गळा असा की शंकासुरसुद्धा नावं ठेवणार नाहीत. डिसेंबर १९५७ मध्ये त्याचा कार्यक्रम संपला, कारण देशव्यापी प्रायोजक शेवटपर्यंत मिळाला नाही. काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला आपलं नाव जोडायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. आवाजाचा तिथेही काही संबंध नव्हता.

आता विरोधातलं. त्याच मोसमात एनबीसीवर शनिवारी पेरी कोमो आणि रविवारी डायना शोर मजेत चालले होते. डायना शोरमागे शेव्हरोले मोटार कंपनीचा पैसा होता, तिचा कार्यक्रम पुढे १९६३ पर्यंत गेला. दोघंही गाणारेच. तेव्हा 'त्या वर्षी गाण्याचे कार्यक्रम चालतच नव्हते' असं म्हणता येत नाही. कोमो आणि शोर यांच्याकडे असं काहीतरी होतं जे मन्सेल आणि सिनात्राकडे नव्हतं.

जुनी_तबकडी

@गोळाबेरीज, चांगली वाहिनी होती की त्यांच्याकडे! सिनात्राचं वेगळं प्रकरण आहे. त्याने बरेच भाग आधीच फिल्मवर उरकून टाकले, आणि तालमीला तो कंटाळायचा हे जगजाहीर होतं. मन्सेल थेट करत होती. कष्टात कसूर नव्हती.

हर्ट्झचा_हिशेब

शंकासुरांच्या पडजिभेला उत्तर द्यायलाच हवं. ते उघडं तोंड अभिनय नव्हे आणि सवयही नव्हे, ते भौतिकशास्त्र आहे.

आपल्या तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीत काही वारंवारता आपोआप जास्त घुमतात. त्यातल्या पहिल्या दोन कुठे आहेत त्यावरून कानाला स्वर ओळखू येतो, 'ई' की 'ऊ' की 'आ'. 'ई' आणि 'ऊ' यांची पहिली घुमणारी जागा साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असते, 'आ'ची त्याच्या दुपटीहून वर. आता सोप्रानो वरच्या सप्तकात शिरली की गाण्याचा मूळ सूरच या जागेच्या वर निघून जातो. तिचा प्रसिद्ध 'हाय सी' सुमारे १०४७ हर्ट्झचा. खालच्या जागी घुमायला तिथे आवाजाचा अंशच शिल्लक नसतो. तोंड मिटतं ठेवून 'ई' गाऊ म्हटलं तर आवाज कोता होतो. म्हणून ती जबडा खाली सोडते. जबडा उघडला की ती घुमणारी जागा वर सरकते आणि सुराला येऊन भिडते, आणि आवाज फारसा जोर न लावता कितीतरी मोठा होतो.

याची किंमत म्हणजे शब्द. त्या उंचीवर सगळे स्वर 'आ'सारखेच ऐकू येतात. सोप्रानोचे शब्द कळत नाहीत ही तक्रार जगभर आहे आणि तिच्यात गायिकेचा दोष फार थोडा आहे.

पुरुष गायकांची आणि खालच्या पट्टीच्या स्त्री गायकांची युक्ती निराळी. ते स्वरयंत्राच्या वरची जागा अशी आकसतात की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाचा एक उंचवटा तयार होतो. वाद्यवृंदाची ताकद ५०० हर्ट्झच्या जवळ सर्वांत जास्त असते आणि पुढे उतरत जाते. म्हणजे जिथे वाद्यं थकतात तिथे गायक उभा असतो. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी यावर भरपूर काम केलेलं आहे. मायक्रोफोनशिवाय शंभर वादकांच्या वरून एकटा माणूस ऐकू येतो तो असा.

आता हे सगळं कौशल्य घेऊन टीव्ही स्टुडिओत या. डोक्यावर दांडीला लटकलेला मायक्रोफोन, चार-पाच हातांवर. समोर वाद्यवृंद, पण त्याचा आवाज कमी-जास्त करायला वेगळा माणूस बसलेला. नाट्यगृह भरून टाकायची गरजच संपली! उलट तो ३००० हर्ट्झचा उंचवटा घरच्या टीव्हीच्या टीचभर भोंग्यातून कानात टोचतो, कारण खालचा भरदारपणा त्या भोंग्याला झेपतच नाही. ज्याने नाट्यगृहात राज्य केलं तेच पेटीत बोचायला लागतं. आणि वर कॅमेरा जवळ येऊन पडजीभ दाखवतो.

सिनात्रा-कोमो पिढी मायक्रोफोनवरच वाढली. त्यांनी कुजबुजण्यासारखं गाणं शोधलं. तेव्हा शंकासुर, तुमची हरकत खरी, पण ती गायिकेवर घेऊ नका. यंत्राची आणि घराण्याची गाठ चुकीची पडली एवढंच.

शंकासुर

दंडवत. म्हणजे मी बरोबर होतो हे तुम्ही शास्त्रासहित सिद्ध केलंत. ताई, आता बोला.

मंद्र_सप्तक

थांबा हो शंकासुर, लगेच ढोल वाजवू नका. @हर्ट्झचा_हिशेब यांनी लिहिलं ते पूर्ण ताकदीने ऑपेरा गाणाऱ्या आवाजाबद्दल. मन्सेल आपल्या कार्यक्रमात अर्धा तास 'लुचिया'सारखं गंभीर, अवघड ऑपेरा गात नव्हती. लोकप्रिय गाणी, नाटकांतली गाणी, मध्येच एखादी एरिया (ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं), असं मिश्रण होतं. चांगली शिकलेली गायिका मधल्या पट्टीत, हलक्या आवाजात गाऊ शकते. पुढे १९६४ मध्ये लिंकन सेंटरला तिने 'द मेरी विडो' केलं, म्युझिकल, म्हणजे गाण्यांची हलकी नाटकं, तर कितीतरी केली. तिचा गळा मुळातच हलका, चपळ.

माझ्या मते खरी अडचण गाण्याची नाहीच. अडचण आहे 'मी' म्हणून उभं राहण्याची. ऑपेरात गायिका कधीही स्वतः म्हणून मंचावर येत नाही. ती अडेल असते, डेस्पिना असते. शब्द दुसऱ्याचे, सूर दुसऱ्याचे, दम कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. सूत्रधाराला मात्र कुणाच्याही आड लपता येत नाही. "नमस्कार, आज आपल्याकडे कोण आलंय माहीत आहे का?" हे वाक्य सहज म्हणणं दोन सप्तकांची तान घेण्यापेक्षा अवघड असू शकतं. पेरी कोमोची सगळी पुण्याई त्यातच होती. तो काहीच करत नसल्यासारखा दिसायचा.

चहाबाज

आलो. मंद्र_सप्तक यांना +१.

मला या निमित्ताने एत्सिओ पिंझा आठवला. मेटचा मोठा बास (सर्वांत खालच्या पट्टीचा) गायक. १९४९ मध्ये ब्रॉडवेवर 'साउथ पॅसिफिक' केलं आणि पन्नाशी उलटून गेल्यावर अमेरिकेतल्या घराघरांतल्या बायकांचा लाडका झाला. त्यालाही टीव्हीने उचललं. एनबीसीवर आधी गाण्याचा कार्यक्रम, मग १९५३ मध्ये 'बोनिनो' नावाची मालिका. ती काही महिन्यांतच गेली. म्हणजे टीव्हीवाल्यांचा हा हट्ट मन्सेलच्या आधीपासूनचा. मेटच्या गायकांना पाहुणे म्हणून बोलावलं की कार्यक्रमाला भारदस्तपणा येतो हे त्यांना कळलं होतं. पण पाहुण्यालाच घरमालक केलं की पंचाईत.

पडद्यामागचा

मी कॅमेऱ्यामागे आयुष्य काढलंय, म्हणून 'थेट' या शब्दाकडे कुणी फारसं वळलं नाही याचं वाईट वाटलं.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे जाहिराती वगळून पंचवीस-सव्वीस मिनिटं. तेवढ्यात चार-पाच गाणी, एक नाच, एक प्रहसन, पाहुण्याशी गप्पा. सगळं सेकंदावर बांधलेलं. नऊच्या ठोक्याला पुढचा कार्यक्रम लागणार म्हणजे लागणारच. टाळ्या चार सेकंद जास्त झाल्या, पाहुणा हसत सुटला, की ती सेकंदं कुठून तरी भरून काढायची. गाणं कापता येत नाही, जाहिरात तर मुळीच कापता येत नाही. मग कापायचं सूत्रधाराचं बोलणं. म्हणजे जे वाक्य म्हणायला ती आली आहे त्याच वाक्याच्या मध्यावर मजल्यावरचा माणूस बोटं फिरवून सांगतो, आवरा. वेळ उरला तर हात ताणून सांगतो, लांबवा. आणि हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

त्या काळचे कॅमेरे मोठे धूड, त्यांना भरपूर उजेड लागायचा. भिंगं चार, एका चकतीवर बसवलेली. चकती फिरवून भिंग बदलायचं. ते बदलत असताना तो कॅमेरा दाखवता येत नाही, तेव्हा दुसरा तयार हवा. गायिका ठरल्या जागेवरून दोन पावलं जरी हलली तरी मायक्रोफोनची दांडी चित्रात येते नाहीतर तिची सावली गालावर पडते. कॅमेऱ्याच्या धुडामुळे वाद्यवृंदाचा संचालक दिसेनासा होतो.

या सगळ्यात गायिकेने गाणं संपवायचं, छातीचा भाता चालू असताना हसायचं, आणि दुसऱ्या क्षणी साध्या आवाजात बोलायला लागायचं. मायक्रोफोन प्रत्येक श्वास पकडतो. मंचावर गाणं संपलं की निदान टाळ्यांची सावली असते.

आणि इथेच माझा @चहाबाज यांच्याशी मतभेद आहे. थेट कार्यक्रमासाठी ऑपेरावाल्यांइतका तयार माणूस दुसरा नाही. चूक झाली तरी न थांबणं, तीन-तीन अंकांचं पाठांतर, डोळ्याच्या कोपऱ्यातून संचालकावर नजर, जड झग्यात धावपळ. हे सगळं ते रोज करतात. सिनेमातून आलेली भलीभली माणसं थेट कार्यक्रमात थरथरायची. ऑपेरावाला थरथरत नाही.

खवचट_आत्या

आपल्या संगीत नाटकांत वन्समोअर घेत घेत मध्यरात्र उलटायची. त्या मंडळींना नऊच्या ठोक्याला आवरा म्हटलं असतं तर त्यांनी त्या मजल्यावरच्या माणसाचीच बोटं फिरवली असती.

चहाबाज

@आत्या, खिक्.

@पडद्यामागचा, मतभेद नाही, मी घरमालकपणाबद्दल बोलत होतो. घट्ट छातीचे आहेत हे मान्यच. एनबीसीने १९५१ च्या नाताळच्या आदल्या रात्री मेनोत्तीचं 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' थेट दाखवलं. टीव्हीसाठी म्हणून लिहिलेलं अमेरिकेतलं ते पहिलं ऑपेरा. लहान मुलगा मुख्य भूमिकेत, आणि पुन्हा घेण्याची सोय नाही. पार पडलं की नाही?

गोळाबेरीज

थेटबद्दल एक पुरवणी. न्यूयॉर्कला रात्रीचे साडेआठ म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे साडेपाच. मग तिकडे काय दाखवायचं? आधी पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्र टिपायचे, त्याला किनेस्कोप म्हणत, आणि ती फिल्म घाईघाईने धुऊन काही तासांनी लावायचे. चित्र धुरकट यायचं. नोव्हेंबर १९५६ मध्ये सीबीएसने बातम्यांसाठी पहिल्यांदा चुंबकीय व्हिडिओ फीत वापरली आणि हा प्रकार हळूहळू मागे पडला. म्हणजे मन्सेलचा कार्यक्रम अगदी सांध्यावरचा आहे. फीत आली, आणि थोड्याच वर्षांत 'थेट' ही अडचण उरली नाही, हौस झाली. आज त्या काळातलं जे काही बघायला मिळतं ते बहुतेक किनेस्कोपच्या कृपेने. त्या धुरकट चित्रावरून आणि दबलेल्या आवाजावरून कुणी गळ्याची परीक्षा करत असेल तर त्याने जरा दमाने घ्यावं. (शंकासुर, हे तुम्हाला उद्देशून नाही. आहेच थोडं.)

माळावरची

पहिल्यांदाच लिहितेय. सगळे टीव्हीच्या बाजूने बोलताय, मेटच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही. बिंगसाहेब असल्या उद्योगांवर फार खूश नसायचे ना? हेलन ट्रॉबेल, वाग्नर गाणारी थोर सोप्रानो, नाइटक्लबमध्ये गायला लागली आणि बिंगना ते रुचलं नाही. १९५३ मध्ये तिने मेट सोडलं. रॉबर्ट मेरिल सिनेमा करायला हॉलिवूडला निघून गेला म्हणून १९५१ मध्ये त्याला काढलं होतं, पुढच्या वर्षी परत घेतलं. मग मन्सेलला कशी सूट?

जुनी_तबकडी

@माळावरची, स्वागत! मस्त प्रश्न.

मेरिलचा गुन्हा करमणुकीचा नव्हता, कराराचा होता. तो मेटच्या दौऱ्यावर गेला नाही. ट्रॉबेलचं प्रकरण प्रतिष्ठेचं. वाग्नरची वीरांगना ब्रुनहिल्डा, तिने धुराने भरलेल्या क्लबात गावं हे बिंगना पचलं नाही. मन्सेल ब्रुनहिल्डा नव्हती. तिला ज्या भूमिका त्यांनीच दिल्या, अडेल, पेरिकोल, त्या मुळातच करमणुकीच्या उंबरठ्यावरच्या. टीव्हीवर तीच बाई दिसली तर मेटची तिकिटंच खपणार होती.

पण तुम्ही म्हणता तो ताण होताच. १९५८ मध्ये, म्हणजे टीव्हीचा मोसम चालू असतानाच, तिचा मेटवरचा शेवटचा प्रयोग झाला, 'ला पेरिकोल'चाच. तेव्हा ती तेहतिशीचीही नव्हती. पुढे ती म्युझिकलकडे वळली ती वळलीच.

शंकासुर

बघा! टीव्हीपायी मेट गेलं आणि टीव्हीही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं.

मंद्र_सप्तक

शंकासुर, धुपाटणं कुणाच्या हाती आलं? पुढे कितीतरी वर्षं ती मंचावर मुख्य भूमिका करत राहिली. मेट सोडणं म्हणजे संपणं हे मेटच्या बाजूने पाहिलं तरच. अठराव्या वर्षी ज्या मुलीला मोठ्या भूमिकेत ढकललं, तिने तिशीत आपल्या गळ्याला झेपेल आणि रुचेल ते निवडलं, एवढंच मला दिसतं. ओढूनताणून लुचिया करत राहिली असती तर गळाच गेला असता.

उंबरठा

नॅट किंग कोलचा उल्लेख आला म्हणून. टीव्हीवर कोणती गायिका दिसू द्यायची हा प्रश्न ऑपेरातही होता, आणि तो आवाजाच्या जातीपेक्षा फार कडवट होता. जानेवारी १९५५ मध्ये एनबीसीच्या ऑपेरा विभागाने 'टोस्का' दाखवलं, लिओन्टिन प्राइस मुख्य भूमिकेत. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी ते दाखवायला नकार दिला. त्याच महिन्यात मेरियन अँडरसन मेटवर उभी राहिली, मेटच्या इतिहासात पहिल्यांदा कृष्णवर्णीय एकल गायिका म्हणून. तिचं वय तेव्हा सत्तावन्न. मन्सेल अठराव्या वर्षी त्याच मंचावर होती. या दोन वयांमधलं अंतर बघितलं की शुक्रवार, साडेआठ, वेस्टर्न वगैरे हिशेब फार किरकोळ वाटायला लागतात. मन्सेलला निदान एक मोसम मिळाला. प्राइसला कुणी सूत्रधार हो म्हणून विचारेल ही शक्यताच नव्हती.

खवचट_आत्या

@उंबरठा, यावर खवचट बोलायला काही नाही.

गोळाबेरीज

@उंबरठा, खरं आहे. आणि त्याचा हिशेब पुन्हा प्रायोजकापाशीच येतो.

त्यावरून 'व्हॉइस ऑफ फायरस्टोन'चं सांगतो. टायर कंपनीचा कार्यक्रम, रेडिओवर १९२८ पासून, टीव्हीवर १९४९ पासून. रिसे स्टीव्हन्स, एलिनॉर स्टीबर असे मेटचे गायक सोमवारी संध्याकाळी थेट गायचे. कंपनी पूर्ण पैसे मोजायला तयार, तरी एनबीसीला तो नकोसा झाला. कारण प्रेक्षक थोडा, आणि तो थोडा प्रेक्षक शेजारच्या कार्यक्रमांनाही खाली ओढतो. आधीचा बघणारा उठून जातो आणि परत येत नाही. १९५४ मध्ये कार्यक्रम एबीसीवर गेला, १९५९ मध्ये तिथेही थांबला. लोकांनी पत्रं लिहिली, ओरड केली. मधे एकदा परत आला आणि १९६३ मध्ये कायमचा गेला.

म्हणजे पाहा, तिथे गायकाला सूत्रधार व्हायची सक्ती नव्हती, थट्टामस्करी नव्हती, प्रायोजक खंबीर होता. तरीही गेला. तबकडीताई, यावरून तुमचा मुद्दा अर्धा पडतो आणि अर्धा उभा राहतो. दोष वेळेचा होता हे खरं, पण ऑपेराला चांगली वेळ मिळावी असं एकाही वाहिनीला वाटत नव्हतं हेही खरं.

जुनी_तबकडी

@गोळाबेरीज, अर्धा पडतो हे मान्य नाही. :) फायरस्टोन म्हणजे उभं राहून गाणं, जवळजवळ मैफलच. मन्सेलने मैफल केली नाही, करमणूक केली. मिश्र कार्यक्रमात ऑपेरा चालतो याचा पुरावा त्याच काळात आहे. सिड सीझरच्या 'युअर शो ऑफ शोज'मध्ये मार्गरीट पियाझा ही ऑपेरा गायिका कायम मंडळातली होती. शनिवारी रात्री, दीड तास थेट, तुफान लोकप्रिय. एकीकडे सीझर पुढे खोट्या इटालियनमध्ये 'पाग्लियाची' या ऑपेराची टवाळी करणार, आणि दुसरीकडे पियाझा खरीखुरी एरिया गाणार. लोकांनी दोन्ही पाहिलं. आणि ऑपेराची जगप्रसिद्ध गायिका मारिया कॅलस? नोव्हेंबर १९५६ मध्ये एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तिने जॉर्ज लंडनबरोबर 'टोस्का'च्या दुसऱ्या अंकाचा भाग केला. सलिव्हनकडे त्याआधी-नंतर कसरतपटू आणि बाहुलीवालेही असायचे.

मंद्र_सप्तक

ताई, पण दोन्हीकडे सूत्रधार दुसराच होता ना! पियाझा गाऊन आत जायची. कॅलस मरण्यामारण्याचा प्रवेश करून निघून गेली, बोलायचं काम सलिव्हनचं. माझं म्हणणं तेच आहे.

सूत्रधारी खरोखर जमलेली ऑपेरा गायिका हवी असेल तर वीस वर्षं पुढे या. बेव्हर्ली सिल्स. ब्रुकलिनची, टोपणनाव 'बबल्स'. सत्तरच्या दशकात एनबीसीवर तिचा स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम होता, रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात जॉनी कार्सनच्या खुर्चीत ती पाहुणी सूत्रधार म्हणून बसली, १९७६ मध्ये कॅरोल बर्नेटबरोबर मेटच्या मंचावर विनोदी कार्यक्रम केला, बाहुल्यांच्या 'मपेट शो'मध्येही गेली. लिंकन सेंटरच्या थेट प्रक्षेपणांची सूत्रधारही तीच. तिचं बोलणं ऐकताना ही बाई ऑपेरा गाते हे विसरायला व्हायचं, आणि मग ती गायची. पण तिने एक शहाणपणा केला, गाण्याचं आणि गप्पांचं दुकान वेगळं ठेवलं. एकाच अर्ध्या तासात दोन्ही कोंबलं नाही.

हर्ट्झचा_हिशेब

जर्मनीत दोन्ही एकत्र जमलं की. आनेलीझे रोथेनबर्गर सत्तरच्या दशकात झेडडीएफ वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम करायची, गायची, पाहुणे बोलवायची. टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) रेने कोलोचाही असाच होता. तिकडे ऑपेरेटाची सवय घराघरात आहे, म्हणून ऑपेरा आणि हलकी गाणी यांच्यातली भिंत तेवढी उंच नाही. शिवाय तोवर मायक्रोफोन आणि टीव्हीचे भोंगे, दोन्ही सुधारले होते. माझा मुद्दा सोडत नाही मी.

पडद्यामागचा

आजचं उदाहरण द्यायचं तर मेटचं चित्रपटगृहांत होणारं थेट प्रक्षेपण, डिसेंबर २००६ पासूनचं. मध्यंतरात रेने फ्लेमिंग, डेबोरा व्हॉइट, जॉयस डिडोनाटो या मेटच्याच गायिका हातात मायक्रोफोन घेऊन विंगेत उभ्या असतात आणि नुकत्याच गाऊन आलेल्या माणसाला पकडतात. तो घामाघूम, धापा टाकतोय, मागे सुतार भिंती हलवताहेत. इथे ऑपेरा गायिका सूत्रधार म्हणून शोभते, कारण त्या माणसाला त्या क्षणी काय विचारू नये हे तिला ठाऊक असतं. 'आता तिसऱ्या अंकात तो वरचा सूर लागेल ना' असं ती कधीच विचारणार नाही.

शंकासुर

हे मात्र आवडलं. तिथे पडजीभही दिसत नाही.

माळावरची

सिल्सवर स्वतंत्र धागा काढा ना कुणीतरी, मंद्र_सप्तक तुम्हीच. गाण्यापासून निवृत्त झाल्यावर तिने न्यूयॉर्क सिटी ऑपेराचा कारभारही सांभाळला, तेही त्यात यायला हवं.

मंद्र_सप्तक

काढते. पण आधी तबकडीताईंनी रोथेनबर्गरवर लिहावं. हर्ट्झसाहेबांनी वात पेटवून दिली आहे.

जुनी_तबकडी

जर्मन येत नाही मला, तेव्हा ते काम हर्ट्झसाहेबांचंच. मी मन्सेलला धरून बसते. शंकासुर, 'फ्लेडरमाउस'मधलं अडेलचं हसण्याचं गाणं एकदा ऐका, मग पडजिभेचं बघू.